चिखलात फिरणारे चाक आणि डिफरेन्शियल लॉक



पावसाळ्याच्या तोंडी ट्रॅक्टर शेतात उतरले की एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. ट्रॅक्टरचे एक मागचे चाक बांधालगतच्या टणक जमिनीवर निमूट उभे असते आणि दुसरे चिखलात जागच्या जागी गरगर फिरत असते. चालक इंजिनाचा वेग वाढवतो. फिरणारे चाक अधिकच जोराने फिरते, चिखल उडतो, खड्डा खोल होतो; उभे असलेले चाक मात्र तसूभरही हलत नाही. बांधावर जमलेली मंडळी ‘इंजिनात दम उरला नाही’ असा निकाल देऊन मोकळी होतात. वस्तुतः इंजिनात दम पुरेसा असतो. तो जमिनीपर्यंत पोहोचत नसतो, एवढेच. त्यावरचा उपाय त्याच ट्रॅक्टरवर, बहुतेक वेळा चालकाच्या उजव्या टाचेजवळ, एका लहानशा पेडलच्या रूपाने कारखान्यातूनच बसवून आलेला असतो. त्याला डिफरेन्शियल लॉक म्हणतात. ट्रॅक्टर घेऊन वर्षानुवर्षे लोटली तरी या पेडलला पाय न लावलेले चालक पुष्कळ आहेत, आणि त्यावर पाय दाबून धरूनच वळण घेऊ पाहणारेही आहेत. पहिल्यांचा वेळ आणि डिझेल वाया जाते, दुसऱ्यांचे यंत्र मोडते. आणि रुतलेले चाक काढण्यासाठी चाकाला ओंडका बांधण्याचा जो रूढ उपाय केला जातो, त्यात तर चालकाचा जीवच जाण्याचा संभव असतो. म्हणून या पेडलचे काम नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

डिफरेन्शियल मुळात हवे कशाला, येथून आरंभ करणे इष्ट. बैलगाडीला ते लागत नाही. गाडीची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात. बैल ओढतात आणि चाके आपापल्या गतीने मागे येतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक फिरले आणि आतले कमी फिरले तरी कोणाची काही तक्रार नसते. आगगाडीत याच्या उलट स्थिती आहे. तिथे दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसविलेली असतात, आणि वळणावरचा फरक चाकांच्या किंचित निमुळत्या घडणीने बव्हंशी भरून निघतो. तरीही तीव्र वळणावर रूळ किंचाळताना ऐकू येतातच. मोटार आणि ट्रॅक्टर यांची अडचण या दोहोंहून निराळी आहे. तिथे चाक नुसते फिरायचे नसते, इंजिनाने ते फिरवायचे असते. आणि तरीही दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मुभा हवी असते.

हा फरक किती असतो ते हिशेबाने पाहता येते. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांत १.४ मीटर अंतर आहे असे धरू. काटकोनात एक वळण घेताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.२ मीटर अधिक चालते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. तो दोन चाकांमधील अंतरावर अवलंबून असतो, वळणाच्या विस्तारावर नव्हे. गणिताच्या शिक्षकांनी वर्तुळाच्या परिघाचा पाठ घेताना हे उदाहरण अवश्य द्यावे. शेताच्या टोकाला पोहोचून ट्रॅक्टर पूर्ण उलटा फिरला की हाच फरक ४.४ मीटरचा होतो. दोन्ही चाके एकमेकांना जखडलेली असती, तर प्रत्येक वळणावर कोणत्या तरी चाकाला एवढे अंतर घासत जावे लागले असते.

या अडचणीतून वाट काढणारी दातेरी चक्रांची योजना फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास आपल्या वाफेच्या गाडीसाठी मांडली. रचना फिरली तरी तत्त्व आजही तेच आहे. इंजिनाकडून येणारी गती मोठ्या क्राऊन चक्राला मिळते. त्याच्या आत लहान चक्रे अशी बसविलेली असतात की एक चाक जेवढे सावकाश होईल तेवढेच दुसरे जलद व्हावे. दोन्ही चाकांच्या गतीची सरासरी नेहमी क्राऊनच्या गतीइतकीच राहते. म्हणूनच एक चाक अगदी थांबले की दुसरे दुप्पट वेगाने फिरू लागते.

गतीच्या बाबतीत डिफरेन्शियल असे उदार असते. जोराच्या बाबतीत मात्र ते काटेकोरपणे समान वाटणी करते. एका बाजूला जेवढा जोर, तेवढाच दुसऱ्या बाजूला. ही वाटणी ऐकायला न्यायाची वाटते, पण चिखलात तीच घात करते. निसरड्यावरचे चाक जास्तीत जास्त ५० किलोची ओढ देऊ शकते आणि कोरड्या जमिनीवरचे ५०० किलोची, असे समजू. निसरड्यावरचे चाक ५० किलोच्या पुढे घसरते, म्हणून त्याला ५० च्या वर जोर घेताच येत नाही. आणि त्याला मिळत नाही म्हणून दुसऱ्यालाही मिळत नाही. दोघांची मिळून ओढ १०० किलो. कोरड्या बाजूची ४५० किलोची पकड हाताशी असून निरुपयोगी पडून राहते. चालक ॲक्सिलरेटर कितीही ओढो, या आकड्यात फरक पडत नाही.

डिफरेन्शियल लॉक ही वाटणी तेवढ्यापुरती रद्द करतो. पेडल दाबले की एक दातेरी बोंड सरकून डिफरेन्शियलच्या घरात अडकते आणि दोन्ही चाके जणू एकाच सळईवर बसविल्याप्रमाणे बरोबरीने फिरू लागतात. आता ज्या चाकाला जेवढी पकड असेल तेवढी ओढ ते देईल. वरच्या उदाहरणातील ट्रॅक्टर १०० ऐवजी ५५० किलोची ओढ देऊ लागेल. इंजिन तेच, डिझेल तेच, चालक तोच. मात्र हेही ध्यानात ठेवावे की लॉक नवी पकड निर्माण करीत नाही. असलेली पकड कामाला लावतो. दोन्ही चाके सारख्याच रेंदाळ चिखलात असतील आणि दोन्ही फिरत असतील, तर लॉक दाबून फारसे काही साधत नाही. एकाऐवजी दोन खड्डे पडतात.

यावरूनच लॉक केव्हा लावावा याचे उत्तर मिळते. तो आधी लावावा. पुढे ओला पट्टा दिसतो आहे, एक चाक पाटाच्या कडेवरून जाणार आहे, उसाने भरलेली ट्रॉली शेतातून रस्त्यावर काढायची आहे आणि वाटेत पाणी साचलेले आहे, अशा प्रसंगी ट्रॅक्टर सरळ रेषेत आणून, वेग अगदी कमी करून, चाके घसरू लागण्यापूर्वीच पेडल दाबावे. चाक आधीच वेगाने फिरत असेल तर प्रथम क्लच दाबून ते पूर्ण थांबवावे, मग लॉक लावावा, आणि मग क्लच हळूहळू सोडावा. एक चाक थांबलेले आणि दुसरे दुप्पट वेगाने फिरणारे असताना त्या दोघांना एकदम जखडू पाहणे म्हणजे धावत्या गाडीच्या आऱ्यांत काठी घालण्यासारखे आहे. त्या वेळी जो ‘कडाड’ असा आवाज येतो तो बहुधा दाते झिजल्याचा, आणि कधी कधी तुटल्याचाच असतो.

नांगरटीत तर लॉकचा उपयोग विशेष आहे. पलटी नांगर नसेल तेव्हा उजवी चाके आधीच्या तासात चालतात आणि डावी वरच्या जमिनीवर. ट्रॅक्टर उजवीकडे कलतो, भार तासातल्या चाकावर अधिक पडतो, आणि वरचे हलके झालेले चाक घसरू लागते. माळव्यातील किंवा बेळगाव भागातील काळ्या जमिनीत थोडी ओल असली की हा अनुभव तासागणिक येतो. अशा वेळी तास सरळ असेतोवर लॉक दाबावा आणि तासाच्या टोकाशी, वळण्यापूर्वी, सोडून द्यावा. गोव्यातील खाजनासारख्या मऊ भातजमिनीत प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे दोन्ही चाकांखाली सारखाच गाळ असतो, म्हणून लॉकपेक्षा लोखंडी केजव्हीलचा आधार अधिक मोलाचा ठरतो. लॉकची खरी गरज पडते ती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाताना आणि बांध ओलांडताना. आणि अशा लहान कोपऱ्यांतून जो पॉवर टिलर चालतो, त्याला बहुधा डिफरेन्शियलच नसते. त्याची दोन्ही चाके जखडलेलीच असतात आणि वळताना मुठीजवळची कळ दाबून एका बाजूचे चाक मोकळे करावे लागते. म्हणजे ट्रॅक्टरवर जी गोष्ट पेडल दाबून साधायची, ती टिलरवर काही न दाबता साधते.

लॉक सोडण्याविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे, कारण हानी बहुतांशी येथेच होते. पेडलवरचा पाय काढला की स्प्रिंगच्या जोराने लॉक सुटावा अशी रचना असते. पण दोन चाकांवरील जोर असमान असेल तर दाते एकमेकांत आवळून बसतात आणि पाय काढूनही लॉक सुटत नाही. चालकाला वाटते सुटला. मग डांबरी रस्त्यावर येऊन तो स्टिअरिंग वळवतो आणि ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो. समोर ओढा असेल, शाळेचे कुंपण असेल, माणसे असतील. याहून अधिक सांगावयास नको. म्हणून रस्त्यावर चढण्यापूर्वी, शेताच्या कडेलाच, क्लच दाबून जोर काढून घ्यावा, ट्रॅक्टर किंचित पुढेमागे करावा, स्टिअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे हलवून ट्रॅक्टर मोकळेपणाने वळतो याची खात्री करावी, आणि मगच पुढे जावे. काही अलीकडच्या मोठ्या ट्रॅक्टरांवर पेडलऐवजी बटण असते आणि वळण घेताच लॉक आपोआप सुटतो. ज्यांच्याकडे असे यंत्र असेल त्यांनी हस्तपुस्तिका वाचून त्याप्रमाणे वागावे. जुन्या ट्रॅक्टरवर मात्र ही जबाबदारी चालकाच्या टाचेवरच असते.

दुसरी एक बाब ॲक्सलची. लॉक नसताना प्रत्येक बाजूच्या शाफ्टवर अर्धाच जोर येतो. लॉक असताना एका चाकाला पकड आणि दुसऱ्याला काहीच नाही अशी स्थिती आली, तर सारा जोर एकाच शाफ्टवर पडतो. खालच्या गिअरमध्ये हा जोर प्रचंड असतो. म्हणूनच लॉक लावून धक्के देणे, क्लच झटकन सोडणे, उड्या मारत बाहेर पडण्याचा प्रयत्न करणे हे सर्व वर्ज्य समजावे. जोर सावकाश आणि सलग दिला तर बहुतेक चिखलातून ट्रॅक्टर निमूटपणे बाहेर येतो.

काही जुने चालक लॉकऐवजी ब्रेकची युक्ती वापरतात. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. फिरणाऱ्या चाकाचाच ब्रेक हलकेच दाबला की त्याचा प्रतिकार वाढतो आणि समान वाटणीच्या नियमानेच उभ्या चाकालाही तेवढा जोर मिळतो. ही युक्ती खरी आहे, यात शंका नाही. ज्याला ती सुचली त्याला यंत्राची जाण होती असेच म्हणावे लागेल. तथापि ती इंजिनाचा काही जोर ब्रेकमध्ये जाळते, आणि शेतातून बाहेर पडल्यावर दोन्ही पेडले पुन्हा खिटीने जोडायचे राहून गेले तर रस्त्यावर एकाच बाजूला ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटू शकतो.

निरनिराळ्या खात्यांच्या जीपगाड्या आणि त्यांचे चालक यांच्यापुरता थोडा उल्लेख येथे करावा लागेल. चारही चाकांना गती मिळते म्हणजे गाडी कोठेही अडत नाही, हा समज बरोबर नाही. दुसऱ्या महायुद्धातील मूळ विलीज जीप चारही चाकांवर चालणारी होती, पण तिच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरेन्शियलना लॉक नव्हते. अशी गाडी पुढचे एक आणि मागचे तिरपे समोरचे एक चाक अधांतरी वा चिखलात आले की दोनच चाके फिरवीत उभी राहते. पुढच्या व मागच्या आसांना गती जोडून देणारा दांडा आणि एकाच आसावरची दोन चाके जखडणारा लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२० साली आलेल्या नव्या थार गाडीच्या काही प्रकारांत मागच्या आसाला यांत्रिक लॉक आहे. तो मागच्या दोन चाकांच्या गतीत ठराविक फरक पडताच आपोआप लागतो आणि चालकाला काही दाबावे लागत नाही. अनेक आधुनिक गाड्यांत घसरणाऱ्या चाकाला संगणकच ब्रेक लावतो. ही वर सांगितलेली जुन्या चालकांचीच युक्ती आहे.

घाटातील आडव्या उतारावर मात्र लॉक वापरताना विशेष जपावे. साधे डिफरेन्शियल असताना एक चाक घसरते आणि दुसरे उभे राहते. ते उभे चाक गाडीला बाजूला सरकू देत नाही. लॉक लावल्यावर दोन्ही चाके घसरू लागली तर तो आडवा आधार नाहीसा होतो आणि गाडीचा मागचा भाग दरीच्या बाजूला सरकतो. पावसाने भिजलेल्या तांबड्या मातीच्या, एका बाजूला कललेल्या रस्त्यावर हा धोका अतिशय खरा आहे. अशा ठिकाणी लॉक लावून जोर करण्यापेक्षा उतरून चाकाखाली दगड घालणे शहाणपणाचे.

आता त्या ओंडक्याविषयी. ट्रॅक्टर आसापर्यंत रुतला की मागच्या दोन्ही चाकांना आडवा लाकडी ओंडका दोराने किंवा साखळीने बांधतात, गिअर टाकतात आणि ओंडक्यावरून चाक वर चढेल अशी वाट पाहतात. कधी कधी ते चढतेही. म्हणूनच ही रीत टिकली. पण यात काय घडू शकते ते पाहावे. ओंडका चाकाखाली जाऊन जमिनीत अडकला की चाक फिरू शकत नाही. इंजिन मात्र फिरवीतच असते. चाक फिरेना, तर त्याच जोराने ट्रॅक्टरचे धड आसाभोवती उलटे फिरू लागते: पुढची चाके उचलली जातात, नाक आकाशाकडे जाते, आणि ट्रॅक्टर चालकासह मागे कोसळतो. हे सारे एक-दीड सेकंदात घडते. चालकाला धोका समजून क्लचवर पाय जाईतो वेळ निघून गेलेली असते. आपल्याकडील बहुसंख्य ट्रॅक्टरांवर चालकाभोवती संरक्षक चौकट नसते. स्वीडनने अशी चौकट नव्या ट्रॅक्टरांना १९५९ सालीच सक्तीची केली; त्या देशातील शेतकऱ्यांना ट्रॅक्टर कसा पालथा होतो हे ठाऊक होते.

हाच प्रकार साखळी चुकीच्या ठिकाणी अडकविल्यानेही होतो. दुसरे वाहन ओढताना साखळी मागच्या आसाला, सीटखालच्या भागाला किंवा औजाराच्या वरच्या जोडाला बांधली की ओढीची रेषा आसाच्या वर जाते आणि नाक उचलण्यास मदत होते. साखळी सदैव खालच्या ड्रॉबारलाच लावावी. ताणलेली साखळी वा तार तुटली तर ती चाबकासारखी उलटते. म्हणून बघ्यांनी, विशेषतः मुलांनी, तिच्या लांबीहून अधिक दूर उभे राहावे. हे सांगण्याचे काम सरपंच आणि शिक्षक यांनी केले तर लोक ऐकतात. चालकाचे तेवढे कोणी ऐकत नाही.

मग रुतलेला ट्रॅक्टर काढावा कसा? प्रथम थांबावे. चाक अर्धा फूट रुतले असताना थांबलेला चालक अर्ध्या तासात बाहेर पडतो. आसापर्यंत रुतवून थांबलेल्याचा दिवस जातो. औजार वर उचलावे, ट्रॉली असेल तर सोडवावी. चाकांपुढचा व मागचा चिखल फावड्याने काढून उताराची वाट करावी आणि तीत दगड, फळ्या, माडाच्या झावळ्या, जे हाताशी असेल ते घालावे. चाकाला बांधू मात्र काही नये. मग लॉक लावून, रिव्हर्समध्ये, सावकाश मागे यावे. ज्या वाटेने ट्रॅक्टर आत गेला ती वाट निदान पारखलेली असते, आणि मागे येताना नाक उचलले जाण्याची भीतीही फार कमी असते. हे न साधल्यास दुसरा ट्रॅक्टर बोलवावा. त्यात कमीपणा काही नाही.

लॉकची वारंवार गरज पडत असेल तर दोष अन्यत्र शोधावा. टायरच्या नक्षीची उंची गेली असेल, चाकांत भरायचे पाणी निघून गेले असेल, औजार ट्रॅक्टरच्या मानाने मोठे असेल. चाक किती घसरते हे मोजणे सोपे आहे. मागच्या टायरवर खडूने खूण करून, औजार उचलून, चाकाचे दहा फेरे होतील एवढे अंतर मोजावे. मग औजार कामाला लावून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. रिकाम्या फेऱ्यात ४० मीटर आणि कामात ३४ मीटर भरले तर घसरण १५ टक्के झाली. एवढी चालण्यासारखी आहे. २५-३० टक्क्यांच्या घरात गेली तर वजन वाढवावे किंवा औजार लहान घ्यावे.

हंगामापूर्वी एकदा लॉकची परीक्षा घ्यावी. सपाट, टणक जागी पुढच्या चाकांना उटी लावावी, मागची दोन्ही चाके जॅकने उचलून आसाच्या दोन्ही बाजूंखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. इंजिन बंद ठेवून ट्रॅक्टर गिअरमध्ये घालावा आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरलेले दिसेल. आता गिअर काढून न्यूट्रल करावा, लॉकचे पेडल दाबून पुन्हा चाक हळू फिरवावे. दाते बसल्यावर दोन्ही चाके एकाच दिशेने फिरली तर लॉक ठीक आहे. शाळेतील मुलांना ट्रॅक्टरपासून योग्य अंतरावर उभे करून हा प्रयोग दाखविल्यास डिफरेन्शियलचा धडा फळ्यावरच्या आकृतीपेक्षा लवकर समजेल. पेडलच्या सांध्यात चिखल वाळून बसलेला असल्यास तो काढून ग्रीस भरावे, आणि पेडल सोडताच आपोआप वर येते की नाही ते पाहावे. खोल पाण्यात काम केलेल्या ट्रॅक्टरच्या हाऊसिंगमधील तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजून, नांगर जोडण्यापूर्वी तेल बदलून घ्यावे.